फिका फोटो, काळा फोटो

उमरेड,
८ मे १९७९

ती. अरुंधतीमावशीस,
वच्छलाचा नमस्कार.

मावशी, हे पत्र वाचून तुले राग येईन. येऊ दे. मी आता कोणाच्या रागाले भीत नाही.

मी माहेरी आली. आली काय, पोचवून दिली. मागच्या हप्त्यात आम्ही रामटेकहून नागपूरले आलतो, तूच सांगतलेल्या डॉक्टर चंपतरावच्या दवाखान्यात. बाळंतपणापासून मले थकवा वाटून राहिला, म्हून सासूबाईनंच हट्ट धरला का छातीचा फोटो काढून घेऊ. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूनं पांढरं आहे, क्षयाची सुरुवात. घरात लहान लेकरू, म्हून मंग सासूबाईचाही काढला. त्याईचा एकदम साफ निघाला.

डॉक्टरनं सांगतलं, अंगावरचं दूध बंद, लेकराले जवळ घ्याचं नाही. दवाखान्याच्या पायरीवरच सासूबाईनं शामूले माझ्या मांडीवरून उचललं. सहा महिन्याची पोट्टी मावशी, तिचं तोंड अजून ओलं होतं. ती रामटेकले गेली आन मी उमरेडले.

इथं मले मागची खोली दिली. ताटली वेगळी, गडवा वेगळा. बाबा दारात उभे राहून बोलतात, आन बोलता बोलता डोळे पुसतात. घडीघडी माझा पदर भिजते. दूध पिळून मोरीत टाकते, तेव्हा जीव कसा होते ते तुले कसं सांगू?

तू तिथं कॉलेजात हेच शिकवून राहिली ना? मंग मले एकच सांग. फोटो खोटं बोलते का? त्या खोलीत कूलरचं एवढं थंड वारं होतं का अंगावर काटा आला. मी भेवानं थरथरली आन फोटो हालला, असं होते का वं?

तुझी,
वच्छला


नागपूर,
११ मे

चि. सौ. वच्छलास,
अनेक आशीर्वाद.

राग आलाच. तुझ्यावर नाही, ह्या अवदसेवर. पण उगाच आशा लावून ठेवणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. फोटो हलला असता तर बरगड्या पुसट आणि दुहेरी दिसल्या असत्या, फुप्फुसं पांढरी झाली नसती. यंत्राला सासर-माहेर नसतं वच्छे. ते कोणाची बाजू घेत नाही.

क्षय म्हणजे आता काही पूर्वीसारखं मरण नाही. इंजेक्शनं घे, गोळ्या चुकवू नको, अंडी खा. रामाजीभाऊजींना सांग, माळ बाजूला ठेवून पोरीसाठी अंडी आणली तर देव काही रुसत नाही.

तुझ्या सासूचं आणि माझं किती सख्य आहे ते जगजाहीर आहे. तुझ्या लग्नात कौशल्याबाई माझ्या मोकळ्या गळ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती मी विसरलेले नाही. पण इथं त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. लेकरू वाचलं पाहिजे, बाकी मानपान गेले चुलीत.

एक कर. दूध पिळत राहा, आटू देऊ नको. काहून, ते विचारू नको. मलाच नीट सांगता येणार नाही.

तुझी मावशी,
अरुंधती


उमरेड,
१४ मे

ती. मावशीस,
नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आन वाटलं, तू बी दारातच उभी राहून बोलली.

बाबानं थर्मामीटर आणला. ताप नाही. खोकला नाही. डॉक्टरनं थुंकी मागतली होती, ती निघतच नाही तर देऊ कुठून? दाळीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर वजन केलं, ते वाढलं. कोणता क्षय असा असते? बाबा म्हणतात, सुरुवातीले कळत नाही. सगळ्याईले सगळं कळते, मलेच माझं आंग कळत नाही.

शामूचे बाबा काल येऊन गेले. आंगणातच बसले. म्हणे शामू बाटली धरत नाही, चमच्यानं पाजा लागते. उतरली म्हणे. पण सासूबाईचा तिच्यावर लय जीव आहे. एक घडी खाली ठेवत नाही. दूध आधी आपल्या तोंडानं चाखून पाहतात, मंग त्याच चमच्यानं तिले देतात. झोपतात बी तिले छातीवर घेऊनच.

मी या हप्त्यात एस.टी.नं रामटेकले जाणार. दुरून पाहीन, हात लावणार नाही. तू नको म्हणू. मले पाह्यल्याशिवाय तू यंत्रावर भरवसा ठेवला, तर तुझं काहून ऐकू?

वच्छला


नागपूर,
१८ मे

चि. वच्छला,

तुझं शेवटचं वाक्य वर्मी लागलं. त्याच दिवशी उठून चंपतरावांच्या दवाखान्यात गेले आणि म्हटलं, माझ्या भाचीची फिल्म दाखवा. तुझी त्यांनी ठेवून घेतली आहे. कौशल्याबाईंची त्या स्वतःच घरी घेऊन गेल्या.

फिल्म उजेडासमोर धरली. फुप्फुसंच काय, सगळीच फिल्म पांढुरकी. खांद्यापलीकडं जिथं नुसती हवा असते, तिथं तरी काळंकुट्ट हवं ना? तेही राखाडी. मी विचारलं, ही फिकी नाही का? चंपतराव म्हणाले, अहो मॅडम, मे महिन्यात थोड्या फिक्या येतातच. येतातच? आंबे आहेत का ते, मे महिन्यात यायला?

मग यंत्राच्या मागं जाऊन पाहिलं. विजेचा दाब सारखा ठेवणारी पेटी जिथं हवी तिथं नाही. यंत्र चालवणारा लहानू म्हणतो, ती कूलरला लावली. एप्रिलमध्ये कूलरची मोटर दोनदा जळली आणि उन्हानं पेशंट बाकावरच लवंडायला लागले, म्हणून डॉक्टरांनीच लावायला सांगितली. कूलर म्हणजे केवढा, तर बैलाएवढा. तो आणि यंत्र एकाच बारक्या वायरीवर. तो घरघरला की खोलीतला दिवा पिवळा पडतो, मी डोळ्यांनी पाहिलं.

आता हे लक्ष देऊन वाच. फोटोच्या नळीत एक बारीक तार असते. ती विजेनं पांढरीफटक तापवतात. धातू असा तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यांच्यापासून किरणं निघतात, आणि किरणांनी फिल्म काळी होते. इलेक्ट्रॉन कमी पडले की फिल्म पांढरी राहते. आणि हे इलेक्ट्रॉन आचेच्या हिशोबानं सरळ वाढत नाहीत. दूध बघ, किती वेळ नुसतं तापतं, आणि शेवटच्या जराशा आचेनं पातेल्याबाहेर येतं. तारेचं तसंच. आच जराशी उतरली की इलेक्ट्रॉन आतच बसून राहतात.

खात्री हवी म्हणून कॉलेजची लॅब उघडली. सुट्टी आहे, शिपाई कुरकुरला, कुरकुरू दे. माझ्या प्रयोगातल्या तारेची वीज दोनशेतीस व्होल्टवरून दोनशेदहावर आणली. डोळ्याला तार तशीच लखलखीत. इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या मीटरची सुई मात्र निम्म्याच्या खाली येऊन पडली. इतकी वर्षं मी हेच मोजत आले. माझाच विषय, आणि तुला लिहिताना माझ्या डोक्यात येऊ नये? यंत्र कोणाची बाजू घेत नाही म्हणे! ते कूलरची बाजू घेत होतं.

म्हणजे तुला क्षय नाहीच, असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की त्या फोटोवरून कोणालाच काही म्हणता येणार नाही. पेटी परत लावून घेते, मग तुझा दुसरा फोटो. तोवर रामटेकला जाऊ नको. गेलीस आणि खरंच काही निघालं तर सगळं खापर तुझ्यावर फुटेल.

आठवून लिही. तुझ्या वेळी कूलर चालू होता, हे तू आधी लिहिलंस. पुढं काय काय झालं?

अरुंधती


उमरेड,
२० मे

ती. मावशी,

तुझं पत्र बाबाले वाचून दाखवलं. ते पहिल्यांदा उंबरठ्याच्या आत आले आन खाटेवर बसले. मी रडली, तेबी रडले. आई गेल्यापासून असं रडलो नव्हतो.

सांगते सगळं. माझ्या वेळी कूलर चालूच होता. माझा फोटो झाल्यावर तो लहानू आत गेला, ओली फिल्म घेऊन आला, पाहून म्हणाला फिकी आहे. मी म्हटलं मंग दुसरी काढा. तर डॉक्टर म्हणाले, दिसते त्यात, चालते. लहानूनं मंग यंत्रावरचं बटण फिरवून पुढच्या आकड्यावर नेलं, म्हणे आता पुढची चांगली येईन.

पुढची म्हणजे सासूबाईची. त्या आत गेल्याबरोबर म्हणाल्या, आधी हे बंद करा बुवा, मले ह्या वाऱ्यानं ठसका लागते. मंग कूलर बंद केला. त्याईचा फोटो निघाला, साफ. आम्ही दोघीनं एकाच दिवशी काढला, एकाच यंत्रावर, आन त्याईचा साफ, माझा असा. तेव्हा मले वाटलं देवच माझ्यावर रुसला. आता समजलं, तो कूलरच होता! त्याईनं बंद केला म्हून त्याईचा चांगला आला.

मावशी, मी आज किती दिवसानं पोटभर जेवली. दूध अजून आहे. कमी झालं, पण आहे. लवकर बोलाव.

तुझी,
वच्छला


नागपूर,
२२ मे
(रामटेकच्या बसच्या कंडक्टरकडून हातोहात)

श्री. रुपराव यांस,
सप्रेम नमस्कार.

जावईबापू, पत्र वाचून झाल्याबरोबर पहिलं काम करा. शामूला तुमच्या आईंच्या हातातून घ्या आणि तुमच्यापाशी ठेवा. कारण खाली लिहिते, पण आधी हे करा.

वच्छलाच्या फोटोच्या वेळी नळीतली तार कमी तापली होती, म्हणून फिल्म पांढरी आली. नंतर यंत्राचं बटण वाढवलं आणि त्यावर कूलरही बंद झाला. तार भलतीच तापली. किरणं इतकी आली असणार की फिल्म जळाल्यासारखी काळी व्हावी. अशा फिल्मवर छातीतला डाग असला तरी बुडून जातो. वच्छलाचा फोटो तिला आजारी ठरवू शकत नाही, तसाच तुमच्या आईंचा फोटो त्यांना निरोगी ठरवू शकत नाही.

मला खरं सांगा. तो फोटो घरी आहे ना? खिडकीशी धरून पाहा, बरगड्या दिसतात का? आणि आईंना खोकला आहे का? कधीपासून? खोकल्यातून काही पडतं का?

त्यांचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. माझं चुकलं असेल तर मी रामटेकला येऊन त्यांच्या पाया पडेन. पण आधी लेकरू उचला.

आपली,
अरुंधती


रामटेक,
२३ मे

श्रीमती अरुंधतीबाई यांस,
रुपरावचा नमस्कार.

आपण शिकलेल्या आहात, म्हणून मी शब्द मोजून लिहितो. आपल्या भाचीला वाचवण्यासाठी माझ्या आईवर रोग ढकलणं आपल्याला शोभलं नाही.

आपण म्हटल्याप्रमाणे फोटो खिडकीशी धरून पाहिला. एकदम काळाभोर आहे. एकही डाग नाही. इतका साफ का बरगड्यासुद्धा दिसत नाहीत. यापेक्षा साफ फोटो कसा असतो ते आपणच सांगा.

आईला जरासा खोकला आहे, तो संक्रांतीपासूनचाच आहे, धान झोडपताना धूळ जाते त्याचा. आजारी असती तर घरातलं एवढं करू शकली असती का? शामूचं सगळं तीच पाहते. आपले रुमालसुद्धा स्वतः धुते, कोणाला हात लावू देत नाही, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून धुऊन टाकते. अशा बाईबद्दल आपण असं लिहिलं.

पत्र मी आईला दाखवलं नाही. शामू तिच्याजवळच आहे आणि तिथंच राहील.

रुपराव


नागपूर,
२४ मे
(उमरेडच्या बसच्या कंडक्टरकडून)

वच्छे,

जाऊ नको म्हटलं होतं ना? आता म्हणते, जा. हे हातात पडेल त्या बसनं भाऊजींना घेऊन नीघ. जावयांचं पत्र सोबत पाठवलं आहे, बसमध्ये वाच. बरगड्या आणि रुमाल, ह्या दोन जागा दोनदा वाच.

सासूशी भांडू नको. भांडण्यात वेळ जातो. शामूला घे आणि सगळे मिळून इकडं या. पेटी यंत्राला परत लावली आहे, मी उभी राहून लावून घेतली. चंपतराव तोंड पाडून बसले आहेत. मे महिन्यातल्या बाकीच्या पेशंटांनाही परत बोलवा म्हणून मी त्यांच्या उरावर बसले आहे. इथून मी हलत नाही.

अरुंधती


रामटेक,
१ जुलै

ती. मावशीस,
वच्छलाचा साष्टांग नमस्कार.

नागपूरच्या दवाखान्यातलं सगळं तुझ्या डोळ्यापुढंच झालं. माझा फोटो साफ निघाला, त्याईच्या उजव्या फुप्फुसाले क्षयानं पडलेलं भोक दिसलं, थुंकीतबी जंतू निघाले. पण त्याच्या आधी इथं घरी काय झालं ते तुले तिथं सांगता आलं नाही. सगळे बसले होते ना.

आम्ही भर दुपारी पोचलो. सासूबाई ओसरीवर होत्या, शामू त्याईच्या छातीवर झोपलेली. मले पाह्यलं आन त्या उठून उभ्या राह्यल्या. म्हणाल्या, "दूर हो! लेकराले मारतं काय?" मी बस थांब्यापासून ठरवत आलती का हे बोलीन, ते बोलीन. मी फक्त हात पुढं केले. त्या आजून जोरानं ओरडल्या, आन ओरडता ओरडताच ठसका लागला. थांबेचना. शामू उठून रडाले लागली. त्याईनं पदर तोंडाशी धरला आन खाली घेतला तर लाल.

शामूचे बाबा दारातच होते. त्याईनं पाह्यलं. ते आले, आईच्या हातातून शामूले काढलं आन माझ्याजवळ दिलं. सासूबाई खाली बसल्या आन म्हणाल्या, "पण फोटो तं साफ आहे ना रे?" एकदा नाही, तीनदा म्हणाल्या. मले त्याईचा एवढा राग होता, तो कुठं गेला ते समजलं नाही.

आता औषध सुरू आहे. शामूच्या हातावर सुई टोचून पाह्यली, ती जागा फुगली. डॉक्टर म्हणतात, जंतू पोचला आंगात, पण रोग झाला नाही. लेकराले बी गोळी कुटून द्या रोज, बहुतेक काही होणार नाही. त्या 'बहुतेक'वरच मी जगून राहिली. ती सकाळी उठली का आधी तिचा श्वास पाहते, मंग चहा ठेवते.

सासूबाई गोठ्याजवळच्या खोलीत गेल्या. कोणी सांगतलं नाही, आपल्या आपणच गेल्या. मले उमरेडले जी वेगळी जर्मनची ताटली दिली होती, तशीच एक बाजूले काढून घेतली. मी जेवण घेऊन जाते आन उंबरठ्याच्या अलीकडं बसून राहते, त्या जेवत पर्यंत. मले माहीत आहे ना, एकट्यानं त्या ताटलीत घास उतरत नाही.

परवा जेवता जेवता त्या म्हणाल्या, "वच्छले, ठसका वाऱ्याचा नव्हता वं. रक्त मले संक्रांतीपासून पडत होतं. डॉक्टरसमोर खोकला आला तर समजन, लेकराजवळ येऊ देणार नाही, म्हून मी कूलर बंद कराले लावला. आन मंग फोटो साफ निघाला. मले वाटलं, देवानं ऐकलं. घशातलंच असन रक्त. तुलेच रोग आहे म्हून मी तिले तुझ्यापासून ओढली. खरंच तसं वाटलं वं मले."

तू असती तर काहीतरी तिखट बोलली असती. मले नाही जमलं. मी म्हटलं, भाजीत मीठ बरोबर आहे का?

शामूचं मात्र अवघड झालं. ती माझ्याजवळ येईना. दूध पाजाले घेतलं का तोंड फिरवे आन गोठ्याकडं हात करून रडे. रोज. सासूबाईले तिथून आवाज जाये. मंग त्याईनं काय केलं माहीत आहे? मी शामूले घेऊन आंगणात आली का त्या डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसतात. पोट्टीनं ओळखू नये म्हून. पाठ दिसली तर बी ती ओळखते, म्हून खाटेवरची वाकळ आंगावर घेतात, ह्या उमसात.

काल संध्याकाळी शामूनं रडता रडता माझा पदर धरला आन पेली. थोडंसंच आहे आता, पण पेली. गोठ्याकडून आवाज आला, "चूप झाली का वं?"

मी म्हटलं, "हो. पिऊन राहिली."

"मंग बरं झालं," म्हणाल्या. तोंड भिंतीकडंच होतं. खोकला आलता, तो वाकळीत दाबून धरला, लेकरू दचकू नये म्हून.

तुझी,
वच्छला